म्हसवड-सातारा, खिडकीची जागा

द्वारा हुसेनभाई पंक्चरवाले,
हायवेलगत, शिरवळ
९ जानेवारी २०२५

ऋचाताई,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. सख्ख्या मावशीची मुलगी असूनही तू हे फाडणार नाहीस असं धरून चालतो.

काल वडापाव बांधून दिलेल्या कागदावर तुझा फोटो होता. ‘सांगलीच्या कन्येची गेमच्या दुनियेत भरारी’. तोंडावर तेल पसरलं होतं तरी मी ओळखलं. हाताची घडी, मागं काचेचं दार आणि चेहऱ्यावर असा भाव की यंदा कृष्णेला पूर आणायचा की नाही ते तूच ठरवणार. पहिली गोष्ट, तू सांगलीची कन्या कधीपासून झालीस? साताऱ्यात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत तुझी कंपनी जन्मली ते त्या बातमीदाराला सांगितलं नाहीस वाटतं. खाली चक्की सुरू झाली की वर कीबोर्डवर पीठ बसायचं. बायका चुकून डबे घेऊन जिना चढायच्या, “माझी ज्वारी झाली का?” विचारायच्या आणि तू स्क्रीनवरून मान न काढता “अजून टेस्टिंगला आहे” म्हणायचीस. आता म्हणे चौदा माणसं, गळ्यात पट्टे, आणि बसायला ती भुशाची पोती. खुर्च्या परवडत नाहीत का?

गेमचा प्रकाशक नक्की काय करतो हे मी हुसेनभाईंना सांगत होतो. म्हटलं, गेम करणारा वेगळाच असतो, ही तो लोकांपर्यंत नेते. ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते. म्हणाले, “म्हंजी गाडी दुसऱ्याची, ही निस्ती पाटी लावती.” मी त्यांना लगेच चहा पाजला. फार मोठा माणूस आहे. काल राजस्थानचा एक ट्रक आला होता, आत संगमरवराच्या मूर्ती, सगळ्या गवतात झोपवलेल्या. चाक काढेपर्यंत मी आत जाऊन मोजल्या. एकोणतीस. एकाचंही नाक फुटलं नव्हतं. असो, विषय तो नाही.

विषय असा की ‘रुमाल’ माझा आहे. एसटी स्टँडात गाडी शिरते, थांबायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी जे हाताला लागेल ते सीटवर फेकून जागा धरायची, हा गेम कुणाच्या डोक्यातून आला? माझ्या. म्हसवडच्या स्टँडवर त्या बाईचा आवाज कुणी रेकॉर्ड केला? मी. “आरं, जागा धरलीया की माजी! डोळं फुटल्यात व्हय?” एवढ्या एका ओळीवर तुझी नमुना आवृत्ती लोकांनी डोक्यावर घेतली. पुण्यातल्या पोरांची ती रिंगटोन आहे. आणि शेवटी नावं येतात त्यात माझं नाव कुठं? ‘विशेष साहाय्य’. माझ्या वर पाण्याचे जार देणारा आहे!

एवढंच.

धवल


विश्रामबाग, सांगली
१६ जानेवारी २०२५

धवल,

तू एका दिवसात त्रेचाळीस व्हॉइस मेसेज पाठवलेस, त्यांतला एक तर निव्वळ तुझ्या घोरण्याचा होता. म्हणून ब्लॉक केलं. पत्र बरं आहे, मधे श्वास घ्यायला मिळतो.

प्रकाशक काय करतो ते ऐक आणि हुसेनभाईंनाही सांग. मिरजेची अर्फा सतारी बनवणाऱ्या घरातली. तिनं तारा जुळवायचा गेम केला आणि तो दोन वर्षं तिच्याच लॅपटॉपमध्ये पडून होता. मी तो साठ माणसांना खेळायला बसवला, ती कुठं अडतात ते लिहून काढलं, तिच्याशी भांडून पहिला अर्धा तास कापायला लावला, सहा भाषांत नेला, जाहिरातीची फिल्म केली, दुकानवाल्या साइटना मेल लिहून लिहून बोटं झिजवली. आज तो जर्मनीतले लोक खेळतात आणि अर्फा आमच्याकडे आवाजाचं सगळं काम बघते. त्यानंतर जतचा एक, कराडचे दोन, असं करत आजवर सात गेम काढले. पाटी लावणं एवढं सोपं असतं तर तूही कुठंतरी एक लावली असतीस. तू तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला ‘जरा वाईला जाऊन येतो’ म्हणून गेलास तो अजून पोचतोयस. ‘रुमाल’ निम्मा टाकून पळालास. उरलेला निम्मा तीन माणसांनी दीड वर्ष खपून केला. तुझं नाव जारवाल्याखाली आहे कारण जारवाला रोज येतो.

आता कामाचं. परदेशातली ती मोठी कंपनी, जिच्या यंत्रावर मुलं टीव्हीला जोडून खेळतात, ती ‘रुमाल’ घेते आहे. एप्रिलमध्ये. आमच्यासाठी हे फार मोठं आहे. माझ्या टेबलावर आणखी पाच जणांचे गेम पडलेत, सगळे आपल्याच भागातले. हा लागला तर त्या पाचांना हो म्हणता येईल. नाही लागला तर नाही म्हणायचं, आणि अर्फाचा गेम लॅपटॉपमध्ये पडला होता तसे तेही पडून राहतील.

त्यांची अट एकच आहे. गेममधल्या प्रत्येक आवाजाच्या मालकाची लेखी संमती हवी. सगळ्यांची आहे, फक्त म्हसवडच्या त्या बाईची, तुझ्या दगडाबाईंची नाही. तू तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणाला होतास, “विचारलंय, खुशीनं हो म्हणाली.” मी विश्वास ठेवला. आता ते कागदावर हवं. फॉर्म जोडला आहे. १५ मार्चच्या आत म्हसवडला जा, त्यांना भेट, सही आण. शिरवळहून म्हसवड काही चंद्रावर नाही.

ऋचा


मु. कोरेगाव
२ फेब्रुवारी २०२५

ऋचाताई,

निघालो होतो, देवाशप्पथ. साताऱ्याहून म्हसवड गाडीत बसलोसुद्धा. कोरेगावला गाडी पाणी प्यायला थांबली आणि स्टँडबाहेर एक माणूस घेवड्याच्या पोत्यावर उभा राहून भाषण करत होता. कशावर? सरकारनं कबुतरांना नंबर द्यावेत यावर! मी ऐकत राहिलो, गाडी गेली. त्या माणसाची कबुतरं बघायला त्याच्या घरी गेलो, तिथं आता आठ दिवस झाले. एक कबुतर डाव्या पायानं लंगडतं पण उडायला सगळ्यांच्या पुढं असतं.

तुझा फॉर्म वाचला. अकरा पानं इंग्रजी! ‘विश्वात कुठेही आणि यापुढे शोध लागेल अशा कोणत्याही माध्यमात’ असं एका ठिकाणी आहे, इथल्या एका मास्तरांकडून अर्थ काढून घेतला. ते म्हणाले, “मंगळावर वाजवला तरी बाईला बोलता यायचं नाही.” असला कागद घेऊन मी त्या बाईपुढं उभा राहू? ती माझी पाठ मोडेल. तुमचं हे असंच आहे. गिरणीवर होतीस तेव्हा शब्दावर चालायचं सगळं. मोठी झालीस आणि आता माणसाच्या घशावरही शिक्का पाहिजे.

आणि खरं म्हणजे संमतीची गरजच काय? मी स्टँडवर लांब चहा पीत उभा होतो. ती सगळ्या दुनियेसमोर ओरडत होती. आवाज हवेत होता, मी धरला. रुमाल टाकला, जागा धरली, आपल्याकडचा कायदा आहे तो. तूही तेच केलंस ना? संमती हातात नसताना पेपरात फोटो छापून आणलास. आधी रुमाल टाकलास, आता कंडक्टर तिकीट विचारतोय तर माझ्याकडं बोट दाखवतेस.

जाईन म्हटलं तर जाईन. कटकट करू नकोस.

धवल


सांगली
११ फेब्रुवारी २०२५

धवल,

पेपरवाल्या फोटोचं तू म्हणालास ते खरं आहे. मला लागलं. पण खरं बोलणारा माणूस कबुतरं बघत बसलेला असावा हे जास्त लागलं.

फॉर्म मी एका पानाचा केला, मराठीत, मोठ्या अक्षरात. मंगळ काढून टाकला. तिकडच्या वकिलांशी तीन दिवस भांडून त्यांच्याकडून मान्यही करून घेतला. वाचून दाखवायला तुला चार मिनिटं लागतील.

ते लोक म्हणतायत, कशाला त्रास, पुण्यातल्या एखाद्या नटीकडून ती ओळ बोलवून घ्या. घेतली आम्ही. ‘डोळं फुटल्यात व्हय’ ती अशी म्हणते की जणू डोळ्यांच्या डॉक्टरची चौकशी करते आहे. मला खरी बाई हवी आहे.

एक गोष्ट. अर्फा तुझी मूळ फाइल साफ करत होती. ती विचारते, हा मुलगा नक्की कुठं उभा होता? तिचं म्हणणं, माइकच्या अगदी जवळ सीटची स्प्रिंग करकरते, इंजिनाची थरथर पत्र्यातून येते आणि बाईचा आवाज खिडकीबाहेरून आत येतो. म्हणजे रेकॉर्ड करणारा गाडीत होता. मी म्हटलं, धवलला तो कुठं होता हे कधीच माहीत नसतं. असेल काहीतरी, मला त्यात रस नाही. तू फक्त जा.

ऋचा


कोरेगाव
२० फेब्रुवारी २०२५

ताई,

त्या अर्फाला सांग, सतारीचे कान सतारीपुरते ठेव. आता स्प्रिंगवरून मला गुन्हेगार ठरवणार? मी बाहेर होतो, नाहीतर आत होतो, नाहीतर टपावर होतो! तीन वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं? काचेच्या दारात बसून दुसऱ्याच्या फायली कान लावून ऐकायच्या, हा काय धंदा झाला? तुम्हा सगळ्यांना गळ्यात पट्टा अडकवल्यापासून फार वास यायला लागलाय.

नटीचा आवाज टाका जा. कुणाला कळतंय! माझं नावही काढा. जारवाल्याचं मोठं करा.

लंगडं कबुतर परत आलं नाही. दोन दिवस झाले.

धवल


सांगली
१ मार्च २०२५

धवल,

‘माझं नावही काढा’ हे तू कधीच म्हणत नाहीस. एक रुमालाचा गेम आणि एक स्वतःचं नाव, यापलीकडे तू आजवर कशासाठी भांडला नाहीस. म्हणजे काहीतरी आहे. काय ते मला माहीत नाही आणि मी विचारत नाही. मला वाटलं होतं तू आळस करतोयस. आता वाटतंय तू घाबरतोयस.

चौदा दिवस उरले आहेत.

ऋचा


म्हसवड
९ मार्च २०२५

ताई,

आलो. पत्र सिद्धनाथाच्या देवळाबाहेर पायरीवर बसून लिहितोय. अक्षर वाईट आहे कारण मांडीवर कागद आहे. आणि इतर कारणं आहेत.

दगडाबाई सापडायला अजिबात वेळ लागला नाही. स्टँडवरच्या चहावाल्याला नाव सांगितलं तर म्हणाला, “वाकळा शिवती ती? नदीकडच्या अंगाला जावा, शिव्या ऐकू आल्या की थांबा.” तसंच झालं. दारात बसून वाकळ शिवत होती आणि कोंबडीला शिव्या देत होती. शेजारी तिची लेक अंजना, माहेरी आलेली, आणि अंजनाची तीन वर्षांची पोरगी, तीच कोंबडी धरायला धावत होती.

मी माझी नेहमीची पोपटपंची केली. कंपनी, सांगली, परदेश, तुमचा आवाज जगभर. तिनं सुई थांबवली नाही. म्हणाली, “वाजीव.”

मी फोनवर वाजवलं. तिनं ऐकलं.

“आनि येकदा.”

परत वाजवलं. आता सुई थांबली.

“ह्यो माजा आवाज. आन लोकं ह्याला हसत्यात?”

“आवडतो ओ त्यांना. लय आवडतो.”

“म्या काय इचारलं? हसत्यात का?”

“हसतात.”

ती अंजनाकडं बघून म्हणाली, “तुला साताऱ्याला न्हेली हुती बघ, त्या दिशीचा हाय ह्यो.” मग मला सांगायला लागली. तिचंच बोलणं लिहितो, माझ्याच्यानं ते नीट करवत नाही.

“हिला सकाळी गाडी करून म्होरं न्हेली हुती, मोठ्या दवाखान्यात. दिस भरलं हुतं, पोट दुखाय लागलं. गाडीत मला जागा न्हवती. म्या मागनं एष्टीनं. यात्रेवानी गर्दी. खिडकीतनं काय टाकू? हातात डबा आन दुपटं. हिच्या लेकरासाठी आठ दिस बसून शिवल्यालं, माज्या आईच्या लुगड्याचं. त्येच टाकलं. जागा धरली. चढून बघती तर एक पोरगं बसल्यालं, कानात वायरी. म्या खिडकीतनं वरडली, चढल्यावर वरडली. त्यानं ऐकलंच न्हाई. दुपटं खाली सारल्यालं, आन त्याच्यावर पाय! बुटासकट. हुबी ऱ्हायले साताऱ्यापातुर. हुबं ऱ्हायचं काय न्हाई बाबा, जल्म त्यातच गेला. पर लेकरू झालं तवा नर्स म्हनली, आजी, काय आनलंय का गुंडाळाय? आन माज्या हातात बुटाचं ठसं पडल्यालं दुपटं. सरकारी चादरीत गुंडाळलं पोरीला.”

ताई, अर्फाला सांग तिचे कान चांगले आहेत.

मी बाहेर चहा पीत उभा नव्हतो. खिडकीच्या जागेवर होतो. स्टँडमधले आवाज घ्यायला हेडफोन लावून, माइक मांडीवर ठेवून बसलो होतो. सीटवर काहीतरी फडकं पडलं होतं, ते मी खाली सारलं. तिचं ओरडणं मला नुसतं ऐकूच आलं नव्हतं, मी त्याची पातळी नीट केली, काटा लाल पट्टीत जात होता म्हणून. कंडक्टर तिला म्हणाला, “दगडाबाई, ऱ्हावा आता हुबं,” म्हणून मला नाव कळलं. मी तिला कधी काही विचारलं नाही. ती हो म्हणाली हे मी गिरणीवरच्या खोलीत पोचेपर्यंत बनवलं. पुसेगावच्या पुढं मला झोप लागली होती, तीही सांगून टाकतो. छान लागली होती.

तिच्यासमोर हे सगळं मी लगेच बोललो असं समजू नकोस. आधी पोरीला कोंबडी धरून दिली. पाणी मागितलं. वाकळीच्या टाक्याचं कौतुक केलं. एकदा उठून ‘येतो’ असंही म्हणालो, फाटकापर्यंत गेलो. तिथून परत येऊन म्हणालो, “आजी, तो पोरगा मी होतो.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या पायांकडं बघितलं.

“ह्येच व्हय त्ये.”

मग वाकळीचं टोक झटकून बाजूला सारलं, जागा केली आणि म्हणाली, “बस की. हुबा का?”

मला बसता येईना. फॉर्म हातात धरून उभाच राहिलो. तिला त्याचं हसू आलं. पहिल्यांदाच हसली, आणि ते काही प्रेमाचं हसू नव्हतं.

फॉर्म वाचून दाखवला. चार मिनिटंच लागली. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, “आदी इचारायचं, मग उचलायचं. तुमचं समदं उलटं.” अंजना म्हणाली, “आई, दे की सही, त्या बाईचं अडलंय.” म्हणजे तुझं. मी तुझ्या टेबलावरच्या पाच गेमांचंही सांगितलं होतं. ती म्हणाली, “तिचं अडलंय ते खरं असंल. पर त्या दिशीचा वरडा इकायचा न्हाई.” पेन मागून घेतलं. अंगठा नाही, अक्षरं काढली, एकेक. फॉर्म सोबत जोडलाय.

मी सही आणू शकलो नाही. कदाचित मी मागच्या वेळी विचारलं असतं तर. पण मागच्या वेळी मी बसलो होतो.

धवल


सांगली
२८ मार्च २०२५

धवल,

फॉर्म मिळाला. सहीच्या जागी ‘न्हाई’ आणि त्याखाली पूर्ण नाव. सात गेम काढले, शेकडो कागद सह्या होऊन आले, इतकं स्वच्छ उत्तर कुणी दिलं नव्हतं.

तुझं पत्र मी ऑफिसात वाचून दाखवलं. तुला राग येऊ दे. अर्फा उठून मशीनवर गेली आणि ती ओळ पुसली. मूळ फाइलसुद्धा. पुण्यातल्या पोरांच्या फोनमधून मी ती काढू शकत नाही, ते तुझ्या आणि माझ्या दोघांच्या नावावर राहणार. मी ती न विचारता गाजवली. फोटो काढताना जी हाताची घडी होती ना, ती काही दिवस उलगडलेली बरी.

परदेशी कंपनीला कळवलं की आवाज नाही. ते म्हणाले नटीचा घ्या. मी नाही म्हटलं. ते म्हणाले मग एप्रिल नाही, बघू. ‘बघू’ इंग्रजीतही तितकंच लांब असतं. पाच जणांना मी फोन करून सांगितलं की थांबा. दोघं थांबतो म्हणाले. एकानं फोन ठेवला. दोघं अजून उचलत नाहीत. हे तुला टोचायला लिहीत नाही. थोडं टोचायला लिहिते आहे.

पण गेममध्ये त्या बाईची जागा रिकामी ठेवायची नाही असं अर्फाचं म्हणणं पडलं. म्हणून आता असं केलंय. म्हसवड स्टँडवर गाडी लागते. एका खिडकीतून दुपटं आत येतं. खेळणारा त्या जागेवर बसू शकतो, कुणी अडवत नाही. बाई चढते आणि शेजारी उभी राहते. ओरडत नाही. काहीच बोलत नाही. आणि खेळणारा उठेपर्यंत गाडी सुटत नाही. पडद्यावर सूचना नाही, घड्याळ नाही.

काल दहा जणांना बसवलं. बहुतेक जण सगळी बटणं दाबून बघतात, गेम अडकला म्हणतात, आणि मग त्या बाईकडं बघतात. सगळ्यात जास्त वेळ बसून राहिलेला माणूस अकरा मिनिटांनी उठला.

तू सातारा येईपर्यंत बसला होतास. आमच्या गेममध्ये तू अजून म्हसवडलाच आहेस.

नाव काढायचं म्हणतोस, ते काढणार नाही. आहे तिथंच राहील, जारवाल्याच्या खाली. दगडाबाईंचं नाव घालू का हे मी त्यांना पत्रानं विचारलं आहे. उत्तर येईपर्यंत ती ओळ कोरी ठेवली आहे.

तुला अनब्लॉक केलेलं नाही.

ऋचा